"नुसती सही तर करायची आहे!"

एका वाचक मुलीचं पत्र आलंय. नाव-गाव गाळून, थोडं छोटं करून देते.

"ताई, मी २८ वर्षांची, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. एमएससी झालंय, वेर्ण्याला फार्मा कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) आहे. घरी आई, पप्पा (रिटायर्ड मास्तर), आजी, काका-काकी आणि धाकटी बहीण. कंपनीतल्याच एका मुलाशी चार वर्षं जमलंय, तो सासष्टीकडचा, हिंदूच पण जात वेगळी. आईला अर्धवट माहीत आहे, पप्पांना काहीच नाही. आता काकांनी स्थळ आणलंय. मुलगा शिपवर, आमच्यातलाच, घर चांगलं, पत्रिका जुळली. आईने देवळात प्रसाद लावला (देवाला पाकळी लावून घेतात तो कौल), तो उजवा म्हणजे होकाराचा झाला. मुलगा महिनाअखेर परत शिपवर जाणार म्हणून त्याआधी रजिस्ट्रारकडे सह्या करायच्या आणि लग्न तो परत आल्यावर तुळशीच्या लग्नानंतर असं ठरतंय. मी नको म्हटलं तर आई म्हणते नुसती सही तर करायची आहे, लग्न कुठे आत्ताच आहे. पप्पांना बीपी आहे. काका म्हणतात पोरगी जातीबाहेर गेली तर घरात पाय नाही आणि जमिनीत वाटा नाही. माझा मित्र म्हणतो तू आधी तुझ्या घरी पटव, मग मी माझ्या घरी सांगतो. सगळ्यांना सांभाळून काही मार्ग आहे का?"

बाय, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे तू उगाच आशेवर राहणार नाहीस. सगळ्यांना सांभाळून मार्ग नाही. कोणीतरी रुसणार, कोणीतरी चार महिने तोंड फिरवून बसणार, आणि तू काहीही केलंस तरी हे होणारच आहे. शिपवाल्याशी लग्न केलंस तरी कोणीतरी दुखावणार आहेच, फक्त ती तू असशील आणि ते कोणाला दिसणार नाही एवढाच फरक.

पण ते नंतर. आधी ती सही.

तुझी आई 'नुसती सही' म्हणते ना, ती काही तुला फसवत नाहीये, तिला खरंच तसं वाटतं. आपल्याकडे बहुतेकांना तसंच वाटतं. लग्न म्हणजे हॉल, मंडप, भटजी, अंतरपाट, सही म्हणजे ऑफिसातलं काम, एक दिवस सुट्टी घेऊन उरकायचं. पण गोव्यात नेमकं उलटं आहे गं. पोर्तुगीज १९६१ ला गेले पण त्यांचा कायदा राहिला, आणि त्या कायद्यात लग्न म्हणजे ती सहीच. दोघांनी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन आम्हाला लग्न करायचंय असं लिहून द्यायचं ती पहिली सही, मग कोणाची हरकत असेल तर यावी म्हणून साधारण पंधरा दिवस नोटीस लागते, आणि मग साक्षीदार घेऊन दुसरी सही. ती दुसरी झाली की तुम्ही नवरा-बायको. मंगळसूत्र घातलेलं असो नसो, तू तुझ्याच घरी आईच्या शेजारी झोपत असशील आणि तो कुठल्या समुद्रात असेल, तरी कायद्याने तू त्याची बायको. डिसेंबरातलं लग्न मग फक्त जेवणावळ आणि फोटो.

आणि त्या सहीबरोबर आणखी एक गोष्ट गुपचूप होते जी स्थळ बघायला आलेले लोक चहा पिताना कधीच बोलत नाहीत. लग्नाआधी वेगळा करारनामा करून रजिस्टर केलेला नसेल तर दोघांची मिळकत एकत्र, अर्धी याची अर्धी तिची. तुझ्या नावावरची एफडी, उद्या वारसाने येणारा वाटा, त्याचं दोन मजली घर, सगळं त्यात आलं, आणि त्याच्या कर्जाचा त्रासही वाट्याला येऊ शकतो. बाईसाठी हा कायदा तसा चांगलाच आहे, मी त्याला नावं ठेवत नाहीये. पण नको असलेल्या माणसाबरोबर ही अशी भागीदारी डोळे मिटून करायची नसते.

समजा सही केलीस आणि नंतर मन झालंच नाही तर? साखरपुडा मोडतात तसा निरोप पाठवून हे मोडत नाही. कोर्टात जावं लागतं. तो दुबईत नाहीतर मायामीत, तू म्हापशाच्या नाहीतर डिचोलीच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर, तारखा पुढे पुढे, आणि मंडपात पाय न ठेवता घटस्फोटित म्हणून कागद हातात. अशा मुली आणि असे मुलगेही आपल्या आजूबाजूला आहेत, तू विचारलंस तर दोन घरं सोडून तिसऱ्या घरात निघेल एखादं, फक्त बोलत नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच धर की इतर सगळं हळूहळू, रडत-भांडत, वर्षभर लागलं तरी चालेल, सही मात्र करायची नाही. पहिलीसुद्धा नाही. (हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची पहिली झाली असेल आणि दुसरी बाकी असेल तर तिलाही सांगते, दुसरी होईपर्यंत थांबता येतं, लाज वाटून पुढे जाऊ नकोस.)

शिपवाल्यांची घाई समजण्यासारखी असते हेही सांगते. कॉन्ट्रॅक्ट ठरलेलं, घरी दोन-तीन महिनेच, त्यात मुली बघायच्या, पत्रिका, बोलणी, कागदपत्रं, म्हणून एक काम उरकून टाकायचं असतं. त्यांची काही चूक नाही. पण त्यांच्या जहाजाच्या टायमिंगवर तुझं लग्न का लागावं?

आता मुख्य मुद्दा, जो तुझ्या पत्रात मला कुठेच दिसला नाही. तू दोन प्रश्नांचा एकच गुंता करून ठेवलायस. तुझ्या डोक्यात असं आहे की शिपवाल्याला नाही म्हणायचं तर आधी कंपनीतल्या मुलाचं पक्कं व्हायला पाहिजे, घरी ते पटायला पाहिजे, मगच नाही म्हणायचा हक्क मिळेल. असं नसतं. 'मला या मुलाशी लग्न करायचं नाही' हे पूर्ण वाक्य आहे, त्याला पुढे 'कारण मला तो हवाय' असं शेपूट लागत नाही. उद्या कंपनीतल्याशी तुझं मोडलं तरी शिपवाल्याला दिलेला नकार बरोबरच असेल. घरच्यांना मात्र हे दोन्ही एकत्र आलेले आवडतात, कारण मग विषय जातीवर नेता येतो आणि जातीवर भांडायला आपल्याकडे सगळेच तयार, काकी पण, आजी पण, शेजारची पण. नुसत्या 'मला नको' वर भांडणार काय?

म्हणून आधी नकार दे, वेगळा दे, सुटा दे. आणि दुसरी गोष्ट चार-आठ दिवसांनी सांग. फार लांबवू नकोस मात्र, नाहीतर बाहेरून कळेल आणि मग 'लपवलंस' हाच विषय होईल, खरं काय ते बाजूलाच.

आता तुझा मित्र. रागावू नकोस, पण एवढ्या लांब पत्रात त्याच्याबद्दल मोजून तीन-चार ओळी आहेत, आणि त्यातली एक ओळ मला अजिबात आवडली नाही. तू आधी पटव, मग मी सांगतो! का बरं? चार वर्षं झाली, तुझ्या घरी तरी आईला अर्धवट का होईना माहीत आहे, त्याच्या घरी कोणालाच नाही? म्हणजे तू पप्पांसमोर उभी राहणार, काकांच्या शिव्या खाणार, आणि तो तिकडे मडगावात बसून व्हॉट्सअ‍ॅपवर 'काय झालं' विचारणार. कदाचित घाबरत असेल, घाबरतात मुलगे आयांना, मुलींपेक्षा जास्त घाबरतात. पण एकाने विहिरीत उतरायचं आणि दुसऱ्याने काठावर दोरी धरून 'पाणी किती गार आहे' विचारायचं हे चालणार नाही. त्याला सांग की ज्या आठवड्यात मी घरी बोलेन त्याच आठवड्यात तू पण बोलशील, आधी नाही नंतर नाही. तो काय करतो ते बघ. तू त्याला विचारायचे प्रश्न मनात खूप ठेवले असशील, राहायचं कुठे, त्याच्या आईबरोबर की वेगळं, तुझा पगार कोणाचा, नोकरी चालू राहणार की नाही, पण त्या सगळ्याआधी हे एक. आणि तो नाहीच बोलला तर तुला तुझं उत्तर मिळालं, फक्त ते आईला प्रसादातून मिळालेल्या उत्तरापेक्षा कडू असेल.

पप्पांशी तूच बोल. आईच्या मार्फत नको. आपल्या घरांत हे फार चालतं, मुलगी आईला सांगते, आई रात्री बाबांना सांगते, बाबा आईवर ओरडतात की तुझेच संस्कार, सकाळी आई मुलीवर ओरडते, आणि बाबा आणि मुलगी एकमेकांशी एक शब्द न बोलता चहा पितात. त्या बिचाऱ्या बाईला पोस्टमन करून ठेवतात आणि मार दोन्हीकडून. उद्या गावात कोणी काही बोललं तरी तिलाच ऐकायला लागणार, काकीकडून, नणंदांकडून, हळदीकुंकवात. तिला एवढं तरी सोपं कर.

मास्तर माणूस आहे ना तुझे वडील? मास्तर लोकांना सरळ बोललेलं कळतं, रडलेलं कळत नाही, रडलं की त्यांना वाटतं आता समजूत घातली की झालं. एखाद्या रविवारी सकाळी, काका बाजाराला गेलेले असताना, पेपर वाचून झाल्यावर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बस. 'पप्पा, मी या मुलाला भेटले, चांगला आहे, पण मला त्याच्याशी लग्न करायचं नाही, मी सही करणार नाही. तुमचं नाव खराब करायचं नाही म्हणून आत्ताच सांगते, रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेल्यावर नाही म्हणण्यापेक्षा.' हे शेवटचं वाक्य जरूर म्हण. कारण त्यांना खरी भीती त्याचीच असणार, 'आमकां तोंड दाखोवंक जागो उरचो ना' ही. ते चिडतील. उठून जातील. दोन दिवस बोलणार नाहीत. जाऊ दे. तू जेवण वाढ, गोळ्या घेतल्या का विचार, रोजच्यासारखी कंपनीच्या बसला जा. माफी मागू नकोस, कारण माफी मागितली की ते समजतात पोरगी नरमली.

बीपीचं म्हणशील तर बीपी तुझ्यामुळे आलेलं नाही आणि तुझ्या लग्नाने जाणारही नाही. गोळ्या चालू आहेत ना, मीठ कमी आहे ना, लोणची-खारं मासं बंद आहे ना ते बघ. काळजी घे, खरंच घे, पण बापाच्या बीपीवर मुलीचं लग्न ठरवायचं हे काही औषध नाही.

प्रसादाचं मात्र मी हलकं घेणार नाही. मी स्वतः देवळात उभी राहून पाकळी पडायची वाट बघितलेली बाई आहे, मला माहीत आहे तेव्हा पोटात काय होतं ते. पण तू आईला एक विचार, शांतपणे, वाद न घालता: गाऱ्हाणं काय घातलं होतं? देवाला विचारलं काय? 'हे स्थळ बरं आहे का' असंच विचारलं असणार. मग देव उजवा देणार नाही तर काय करणार, मुलगा बराच आहे की, तू पण तेच लिहिलंयस! 'माझ्या मुलीचं मन तिथे आहे का' असं कोणी विचारलंच नाही, आणि ते विचारायला देवळात जायची गरजही नव्हती, मुलगी आतल्या खोलीत होती. आईबरोबर देवळात जा एकदा. पण परत पाकळी लावायला नको, ती डावी पडली तर आणि उजवी पडली तर दोन्हीकडून अडकशील. नुसती हात जोडून उभी राहा आणि आईला ऐकू येईल असं मनातलं बोल. आपल्याकडच्या आया घरात ऐकत नाहीत ते देवासमोर ऐकतात.

काका. काकांचं काय करायचं? काही नाही. प्रत्येक घरात एक काका असतो. पण त्यांनी जमिनीची जी धमकी दिलीय त्याबद्दल थोडं सांगते कारण अशा धमक्यांना शिकलेल्या मुलीसुद्धा घाबरतात. पहिलं म्हणजे ती जमीन आहे कोणाच्या नावावर? वन-फोर्टीनचा उतारा (जमिनीचा सरकारी नोंदीचा कागद) काढून बघ, माझा अंदाज आहे अजून तुझ्या आजोबांचंच नाव असेल आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, कोणी केलेलीच नसेल, अर्ध्या गोव्याची हीच कथा. दुसरं, आपल्या कायद्यात मुलगा-मुलगी सारखे, आणि आईबापांना स्वतःच्या मिळकतीतला निम्माच भाग मृत्युपत्र करून हवा त्याला देता येतो, निम्मा वारसांसाठी राखीव असतो. २०१२ च्या आपल्या वारसाहक्काच्या कायद्यातही तेच आहे. जातीबाहेर लग्न केलं म्हणून हा वाटा जात नाही, आणि काका तर त्यात येतच नाहीत, तुझा वाटा पप्पांच्या आणि आईच्या भागातून येणार. आणि गंमत बघ, परक्या जातीचा जावई जमिनीत शिरेल म्हणून जे ओरडतात त्यांच्या स्वतःच्या जातीच्या जावयाची सही पण विक्रीच्या वेळी लागतेच. जावई कोणीही आणा, तो कागदावर येणारच आहे. फक्त एक सांभाळ, चिडून 'मला नको तुमचं काही' म्हणत हक्क सोडल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. या महिन्यात तुझ्या घरात सह्यांना बंदी असं समज.

धाकटीचं लग्न अडेल असंही कोणीतरी म्हटलं असेल, तू लिहिलं नाहीस पण म्हटलं असणारच. धाकटीला विचारलंस का? मला वाटतं तिला सगळं माहीत आहे, धाकट्यांना सगळंच माहीत असतं. तिला बरोबर घे. आणि एखादा मामा असेल समजूतदार तर त्याला पण, कारण लग्नकार्यात मामाचा शब्द चालतो आणि तो वडिलांच्या घराण्यातला नसल्यामुळे त्याला काकांचं काही पडलेलं नसतं.

परवानगीचं म्हणशील तर कायद्याने तुला कोणाचीच लागत नाही. २०१८ मध्ये शक्ती वाहिनी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलंय की दोन सज्ञान माणसं राजी असतील तर घराची किंवा समाजाची संमती लागत नाही. पण म्हणून उद्याच मित्राला घेऊन रजिस्ट्रारकडे पळ असं मी म्हणत नाहीये. तुझं पत्र वाचून मला वाटतं तुझे आईवडील अडून बसणारे आहेत, वाईट नाहीत. त्यांना वेळ दे. मुलाला घरी आण, पहिल्यांदा पप्पा बोलणार नाहीत, दुसऱ्यांदा पाणी विचारतील. तरी मनात एक मुदत ठेव, पुढची गणेशचतुर्थी म्हण, नाहीतर हे 'बघूया' दहा वर्षं चालतं. चतुर्थीला त्याला जेवायला बोलावलं तर समज झालं काम. नाही बोलावलं तर तुम्ही दोघं ठरवा, आणि तेव्हाही आधी सांगून करा, पळून नको.

आणि समजा माझा अंदाज चुकला, फोन काढून घेतला, कामावर जाऊ दिलं नाही, जबरदस्तीने सहीला नेलं, तर तिथे रजिस्ट्रारसमोर मोठ्याने म्हण की माझी राजीखुशी नाही. दोघांच्या राजीखुशीशिवाय ते लग्न होत नाही. महिलांची हेल्पलाइन १८१, पोलिसांचा ११२. जन्मदाखला, आधार, डिग्री, बँकेचं पासबुक आजच ऑफिसच्या लॉकरमध्ये किंवा मैत्रिणीकडे ठेव. हे लागणार नाही बहुतेक. तरी ठेव.

राहिला शिपवाला मुलगा. त्याचा कोणी विचारच केलेला नाही, तू पण नाही. तो बिचारा सुट्टीचे दिवस मोजत बायको शोधतोय, आणि ज्या मुलीचं मन दुसरीकडे आहे तिच्या नावाने कागद करून तो सहा-आठ महिने समुद्रावर काढणार. त्याला लवकर कळलं पाहिजे, म्हणजे उरलेल्या दिवसांत तो दुसरीकडे बघू शकेल. पप्पांशी बोलणं झालं की त्याच दिवशी संध्याकाळी निरोप गेला पाहिजे, आणि शक्यतो तूच फोन कर त्याला, नंबर असेलच, दोन मिनिटांचं काम आहे, 'तुमच्यात काही कमी नाही, माझीच तयारी नाही, सॉरी' एवढंच. हे काम काकांवर सोडू नकोस. ते जाऊन 'पोरीला अजून पीएचडी करायचीय, तुम्ही पुढच्या सुट्टीत या' असं काहीतरी सांगतील आणि पुढच्या वर्षी तू परत मला हेच पत्र लिहिशील.